अंध वाचक, गूगल आणि तुमची मराठी वेबसाइट

वाचनालय, पतसंस्था, शाळा किंवा छोटा प्रकाशक वेबसाइट काढतो, तेव्हा पहिल्या पानावर बहुतेक वेळा एक मोठे चित्र असते. व्हॉट्सॲपवर फिरवायला केलेले पोस्टरच तिथे चढवलेले असते. कार्यक्रमाचे नाव, पाहुणे, तारीख, वेळ, पत्ता, सगळे सुबक अक्षरांत. डोळस माणसाला दोन सेकंदांत सगळे कळते, पण त्या पानात मजकूर म्हणून काहीच नसते. अंध वाचकाच्या फोनमधला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर, तिथे येऊन फार तर ‘चित्र’ एवढेच म्हणतो. चित्राला लिंक जोडलेली असेल, तर फाइलच्या नावातली आकड्या-अक्षरांची माळ वाचून दाखवतो. गूगलचा संगणक पान वाचायला येतो, तेव्हा त्याच्याही हाती फारसे लागत नाही. चित्रातली अक्षरे त्याला काही प्रमाणात ओळखता येतात, तरी महत्त्वाचा मजकूर चित्रात टाकू नका, असा गूगलचाच सल्ला आहे.

यातला एक वाचक माणूस आहे आणि दुसरा यंत्र आहे. माणसाला कार्यक्रमाला यायचे आहे, यंत्राला फक्त नोंद करायची आहे. पण दोघेही पानापर्यंत एकाच वाटेने येतात: पानामागे लिहिलेला मजकूर आणि त्या मजकुराची रचना. शीर्षक कोणते, लिंक कोणती, यादी कुठे सुरू होते, हे दोघांनाही रंगावरून किंवा अक्षरांच्या आकारावरून कळत नाही. ते लिहून ठेवावे लागते. म्हणूनच अंध माणसासाठी पान नीट केले की ते सर्चमध्ये सापडण्याची शक्यता वाढते.

मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. वेबसाइट सुगम्य, म्हणजे अपंगांना वापरता येईल अशी, केली की गूगलवर पहिला नंबर, असे सांगणारे विक्रेते तुम्हाला भेटतील. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. सुगम्यता हा क्रमवारी ठरवणारा थेट निकष नाही, हे गूगलच्या लोकांनी जाहीरपणे सांगितलेले आहे. फायदा होतो तो आडवाटेने, दोघांच्या गरजा जिथे जुळतात तेवढ्यापुरता. तो जिथे होत नाही, तिथेही काम करायचेच आहे. भारतात २०११च्या जनगणनेनुसार २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती आहेत, आणि चष्मा लावूनही फोन डोळ्यांजवळ धरणारी आपली आई किंवा कंप सुटलेल्या हाताने पेन्शनचे पान उघडणारे काका या आकड्यात बहुधा मोजलेलेही नाहीत. माझी भूमिका साधी आहे: माणसासाठी काम करा, सर्चला जे मिळायचे ते त्यातून मिळेल. क्रम उलटा केला तर दोन्ही बिघडते. कसे, ते पुढे सांगतो.

आधी अक्षरे तपासा

इंग्रजी वेबसाइटसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात हा मुद्दा तुम्हाला सापडणार नाही, पण मराठीत सगळ्यांत मोठी अडचण इथेच आहे. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडचे बहुतेक मराठी काम श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख अशा फॉन्टमध्ये झाले. या जुन्या फॉन्टमध्ये आतली अक्षरे रोमन असतात आणि त्यांना फक्त देवनागरीचे रूप दिलेले असते. कागदावर छापायला ते पुरेसे होते. पण त्या फाइलची पीडीएफ करून वेबसाइटवर ठेवली, की डोळ्यांना सुंदर मराठी दिसते आणि यंत्राला अर्थहीन रोमन अक्षरांचा ढीग मिळतो. स्क्रीन रीडर तोच ढीग वाचतो. सर्च इंजिनही तोच नोंदवते, आणि तसली अक्षरे शोधचौकटीत कधीच कोणी टाइप करणार नसते. कित्येक संस्थांचे अहवाल, स्मरणिका आणि जुने दिवाळी अंक असे वेबवर असूनही नसल्यासारखे पडून आहेत. मराठीचा एवढा मोठा ठेवा आणि तो शोधता येत नाही, वाचून घेता येत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

तपासणी एका मिनिटाची आहे. तुमच्या पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि गूगलच्या शोधचौकटीत पेस्ट करा. तिथे तीच मराठी ओळ उमटली तर ठीक. विचित्र चिन्हे उमटली तर फाइल जुन्या फॉन्टमधली आहे. ओळ निवडताच येत नसेल, तर ती फाइल म्हणजे कागदाचा फोटो आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने मिळतात, पण बदलानंतर जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार एकदा माणसाच्या डोळ्यांखालून गेलेच पाहिजेत. शक्य असेल तर तो मजकूर पीडीएफऐवजी साध्या वेबपानावर ठेवा. फोनवर वाचणाऱ्या प्रत्येकाला ते सोयीचे जाते. अक्षरे मोठी केली की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात, आणि पीडीएफमध्ये होतो तसा डावीकडून उजवीकडे पान सरकवण्याचा त्रास होत नाही.

युनिकोडमध्ये लिहूनही काही खाचा राहतात. ‘अंतःकरण’ लिहिताना विसर्गाच्या जागी कोलन टाइप करण्याची सवय सर्रास दिसते. डोळ्यांना फरक कळत नाही, पण यंत्राच्या दृष्टीने कोलन हे विरामचिन्ह आहे आणि शब्द तिथे तुटतो. ‘ॲप’ आणि ‘बॅक’ यांतला आवाज एकच, पण ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी, आणि काही कळफलकांवर अजूनही, तो ‘अ’ला अर्धचंद्र जोडून लिहिला जातो. दिसायला दोन्ही सारखे असतात, पण आत ते वेगळे संकेत आहेत. तुमच्या वेबसाइटवरच्या शोधसोयीत एका पद्धतीने लिहिलेले दुसऱ्या पद्धतीने शोधले, तर सापडेलच असे नाही. एक पद्धत ठरवा आणि संपूर्ण साइटवर तीच ठेवा.

चित्राला शब्द

चित्रासोबत लिहायच्या पर्यायी मजकुराला वेबच्या भाषेत ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. पान पाहताना तो दिसत नाही. स्क्रीन रीडर तो वाचतो, चित्र उघडले नाही तर त्या जागी तो दिसतो, आणि गूगल चित्रांच्या शोधात चित्राचा विषय ओळखायला त्याचा उपयोग करते. सुगम्यता आणि सर्च यांचा इतका सरळ मेळ फार थोड्या ठिकाणी आहे. म्हणून सर्वाधिक गैरवापरही याचाच होतो.

समजा, गुहागरला तुमचे घरगुती निवासस्थान आहे आणि साइटवर अंगणाचा फोटो आहे. ‘गुहागर होमस्टे स्वस्त होमस्टे कोकण होमस्टे समुद्रकिनारी होमस्टे’ असा मजकूर कोणीतरी भरून देतो. अंध पाहुण्याला हा जप ऐकावा लागतो, आणि ऐकून अंगणाबद्दल काहीच कळत नाही. शब्दांचा असा भरणा करू नका, असे गूगलच्या सूचनांतही स्पष्ट लिहिलेले आहे. त्याऐवजी ‘कौलारू घरासमोर सारवलेले अंगण, उजवीकडे पायरीऐवजी उतार’ असे लिहा. त्यातला ‘उतार’ हा शब्द चाकाच्या खुर्चीतल्या पाहुण्यासाठी सोन्यासारखा आहे. ‘गुहागर’ आणि ‘होमस्टे’ हे शब्द पानाच्या शीर्षकात आणि मजकुरात असतातच. प्रत्येक चित्रात ते कोंबायचे कारण नाही.

वर्णन किती करावे? चित्र त्या पानावर ज्या कामासाठी ठेवले आहे, तेवढे. पुस्तकविक्रीच्या पानावर मुखपृष्ठाला पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव पुरेसे आहे. चित्रकाराच्या कामाविषयीच्या लेखात तेच मुखपृष्ठ रंग-रेषांसह सांगावे लागेल. तक्ता किंवा आलेख असेल, तर त्यातले आकडे पानावर मजकूर म्हणून द्या. नक्षी, वेलबुट्टी, नुसती सजावट यांसाठी पर्यायी मजकूर रिकामा ठेवा. रिकामा ठेवणे म्हणजे कोडमध्ये ‘ऑल्ट’ हा गुणधर्म लिहून त्यात काही न भरणे. गुणधर्मच गाळला तर स्क्रीन रीडरला ती सजावट आहे हे कळत नाही. आणि चित्रच लिंक असेल तर चित्र कसे दिसते ते सांगू नका, ती लिंक कुठे नेते ते सांगा. गूगलही अशा वेळी पर्यायी मजकुरालाच लिंकचे शब्द मानते.

पोस्टरचे काय करायचे? ठेवा, पण त्यातला प्रत्येक महत्त्वाचा शब्द खाली साध्या मजकुरात पुन्हा लिहा. तारीख, वेळ आणि पत्ता मजकुरात असला, की डोळस वाचकालाही तो कॉपी करून नकाशात टाकता येतो.

शीर्षक, हेडिंग आणि लिंक

स्क्रीन रीडर पान उघडताच सगळ्यांत आधी पानाचे शीर्षक बोलतो. गूगलच्या निकालात निळ्या ओळीत बहुधा तेच शीर्षक दिसते. साइटच्या सगळ्या पानांचे शीर्षक ‘मुखपृष्ठ’ किंवा नुसते संस्थेचे नाव असेल, तर पाच टॅब उघडून बसलेल्या अंध वाचकाला कुठला टॅब कशाचा हे कळणार नाही, आणि शोधणाऱ्यालाही. नेमका विषय आधी आणि संस्थेचे नाव नंतर लिहा: ‘सभासदत्वाचा अर्ज आणि वर्गणी’, मग वाचनालयाचे नाव. साइटवर एकच सुधारणा करायला वेळ असेल, तर ही करा.

हेडिंगच्या बाबतीत आपल्याकडे एक सवय घट्ट बसली आहे: ओळ निवडायची, ठळक करायची, अक्षर मोठे करायचे आणि झाले हेडिंग. डोळ्यांपुरतेच ते हेडिंग असते. संपादनाच्या पट्टीत हेडिंग १, हेडिंग २ असे पर्याय असतात, तेच वापरले पाहिजेत. विंडोजवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरणारा वाचक कीबोर्डवरची एच ही कळ दाबत एका हेडिंगवरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि लांब लेखात त्याला हवा तो भाग गाठतो. खोटी हेडिंग असतील तर त्याला सगळा लेख पहिल्या ओळीपासून ऐकावा लागतो. इथे दोघांच्या गरजांत थोडा फरक आहे. हेडिंगचा क्रम चुकला, दोननंतर थेट चार आले, तरी सर्चच्या दृष्टीने बिघडत नाही, असे गूगल सांगते. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र बिघडते. मधला एक थर गळाला की काय, अशी शंका त्याला येते. क्रम नीट ठेवा.

‘इथे क्लिक करा’ आणि ‘अधिक वाचा’ यांच्याबद्दल थोडे कडक बोलावे लागेल. एनव्हीडीएमध्ये पानावरच्या सगळ्या लिंकची यादी एका आदेशात मागवता येते. त्या यादीत बारा वेळा ‘अधिक वाचा’ ऐकू आले, तर तिचा काहीच उपयोग नाही. लिंकमधले शब्द वाचून गूगलही पुढच्या पानाचा अंदाज घेते, म्हणून तिथेही ती संधी वाया जाते. ‘शिष्यवृत्तीचा अर्ज डाउनलोड करा’ असे लिहायला जास्त वेळ लागत नाही.

त्याहून गंभीर दोष वरवर पाहून दिसत नाही. ‘आणखी पाहा’ असे लिहिलेली पट्टी दाबली की खाली नवे लेख येतात. पण ती पट्टी खरी लिंकही नसते आणि खरे बटणही, नुसत्या चौकटीला चिकटवलेला जावास्क्रिप्टचा तुकडा असतो. माऊसने ती चालते. कीबोर्ड वापरणाऱ्याची टॅब कळ तिथे थांबतच नाही. गूगलचा संगणक बटणे दाबत नाही. तो ‘ए’ टॅगमध्ये ‘एचरेफ’ असलेल्या लिंकच्याच मागे जातो. परिणामी तुमचे जुने सगळे लेख हात नीट न चालणाऱ्या माणसालाही मिळत नाहीत आणि सर्चलाही नाहीत. साइट करून देणाऱ्याला विचारा: जुने लेख खऱ्या लिंकने गाठता येतात का?

बोललेले लिहून द्या

महाराष्ट्रात व्याख्यानमालांची परंपरा मोठी आहे आणि आता बहुतेक व्याख्यानांचे व्हिडिओ निघतात. दीड तासाच्या व्याख्यानातला एकही शब्द लिहिलेला नसेल, तर कर्णबधिर माणसासाठी ते व्याख्यान झालेच नाही, आणि सर्चसाठी त्यात शीर्षकापलीकडे फारसे काही नाही. अमेरिकेतल्या ‘धिस अमेरिकन लाइफ’ या रेडिओ कार्यक्रमाने जुन्या सगळ्या भागांची लिखित संहिता वेबवर ठेवली, तेव्हा सर्चमधून येणारे लोक पावणेसात टक्क्यांच्या आसपास वाढल्याचे नोंदले गेले. ती पाहणी संहिता करून देणाऱ्या कंपनीच्या सहभागाने झाली होती हे लक्षात ठेवावे. तरीही कारण पटण्यासारखे आहे: आधी नसलेला हजारो शब्दांचा मजकूर पानावर आला. यंत्राकडून कच्चा मसुदा करून घ्या, पण विशेषनामे आणि सनावळ्या स्वतः तपासा. सगळी व्याख्याने जमणार नाहीत. वक्त्याच्या नावाने लोक जी शोधत येतात, त्यांच्यापासून सुरुवात करा.

जिथे सर्चला काहीच मिळत नाही

आता ज्या कामांचा गूगलशी संबंध नाही, त्यांच्याकडे येऊ. पहिले काम म्हणजे पानाची भाषा. प्रत्येक पानाच्या कोडमध्ये सुरुवातीला भाषेची नोंद असते. मराठी साइट इंग्रजी साच्यावर उभारली जाते आणि ही नोंद इंग्रजीच राहते. गूगल भाषा ओळखायला ही नोंद वापरतच नाही, ते मजकूर पाहते. म्हणून एसइओवाला, म्हणजे साइट सर्चमध्ये वर आणून देण्याचे काम करणारा, तिच्याकडे ढुंकून बघत नाही. स्क्रीन रीडर मात्र कुठल्या आवाजात वाचायचे हे तिच्यावरून ठरवू शकतो. चुकीच्या नोंदीमुळे मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हाती गेला, तर काय ऐकू येईल याची कल्पना करा. मराठीची नोंद असली की काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचेही उमटतात. हा बदल एका ओळीचा आहे.

दुसरे काम रंगांचे. वेबसाठीची आंतरराष्ट्रीय सुगम्यता मार्गदर्शिका १९९९ साली प्रथम आली आणि तिची २.२ ही आवृत्ती २०२३ची आहे. नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५:१ इतका उठाव (कॉन्ट्रास्ट) हवा, असे ती सांगते. वेबएम या संस्थेने २०२५ साली दहा लाख मुखपृष्ठे तपासली, तेव्हा सर्वांत जास्त आढळलेला दोष हाच, कमी उठावाचा होता. आपल्याकडे केशरी रंग आवडता. पांढऱ्यावर नेहमीची केशरी अक्षरे लिहिली तर उठाव जेमतेम २:१ भरतो. त्याच केशरीवर काळी अक्षरे लिहिली तर तो जवळजवळ १०:१ होतो. देवनागरीत तर अनुस्वार आणि मात्रा आधीच बारीक असतात. फिकट करड्या अक्षरांत त्याच आधी नाहीशा होतात आणि भर उन्हात स्वस्त फोनवर वाचणाऱ्या शेतकऱ्यालाही त्या दिसत नाहीत.

फॉर्मच्या चौकटींना लेबल असणे, कीबोर्डने फिरताना आपण कुठे आहोत ते ठळक दिसणे, चित्र ओळखायला लावणाऱ्या कॅप्चाला दुसरा पर्याय असणे, ही कामेही अशीच. त्यांनी क्रमवारी वर जाणार नाही. पण गूगलने तुमच्या दारापर्यंत आणलेला माणूस अर्ज भरू शकला नाही, तर त्या येण्याचा त्याला काय उपयोग?

कायदाही आता या बाजूला उभा आहे. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सरकारी कार्यालयांपुरता थांबत नाही, खासगी सेवा देणाऱ्यांवरही जबाबदारी टाकतो. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ॲसिडहल्ल्यातून बचावलेल्या आणि अंध व्यक्तींना ऑनलाइन केवायसी करता येत नाही या तक्रारींवर निकाल देताना, डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. केवायसीत डोळे मिचकावून दाखवा असे सांगितले जाते, आणि ज्यांच्या पापण्याच जळाल्या आहेत त्यांनी ते कसे करायचे, हा प्रश्न त्या खटल्यात होता.

एक इशाराही देतो. कोपऱ्यात निळे चिन्ह लावा, एका ओळीच्या कोडने साइट सुगम्य होईल, अशी तयार उत्पादने विकली जातात. अशा एका मोठ्या कंपनीला, आपले उत्पादन कोणतीही साइट मानकांनुसार करते असा खोटा दावा केल्याबद्दल, २०२५ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या आदेशानुसार १० लाख डॉलर भरावे लागले. तोच पैसा मूळ साइट दुरुस्त करायला वापरा.

सुरुवात कुठून

गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात सर्चमधून सर्वाधिक लोक कुठल्या पानांवर येतात ते पाहा. बहुधा थोडीच पाने निघतील: संपर्क, अर्ज, वेळापत्रक, एखादा जुना गाजलेला लेख. त्यांच्यापासून सुरू करा. माऊस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटर कळांवर अर्ज भरून बघा. पान दोनशे टक्के मोठे करा आणि काही झाकले जाते का ते पाहा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर चालू करून, डोळे मिटून, तुमच्याच संस्थेचा फोन नंबर शोधा. टॉकबॅक बंद कसा करायचा ते आधी वाचून घ्या, कारण तो चालू असताना बोटांच्या खुणा बदलतात.

क्रोममध्ये लाइटहाउस नावाचे तपासणीचे साधन आहे. ते सुगम्यता आणि एसइओ यांचे वेगवेगळे गुण देते. पानाचे शीर्षक आणि चित्रांचा पर्यायी मजकूर हे दोन्ही याद्यांत आहेत, हे तिथे स्वतः पाहायला मिळेल. शंभर गुण मिळाले तरी थांबू नका. पर्यायी मजकूर लिहिलेला आहे की नाही एवढेच यंत्र तपासते. तो खरा आहे की नाही, हे त्याला कळत नाही. ‘चित्र १’ असे लिहिले तरी ते बहुधा पास करते.

म्हणून शेवटची तपासणी स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या माणसाकडून करून घ्या. तुमच्या जिल्ह्यातल्या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे किंवा महाविद्यालयात विचारलेत, तर अशी व्यक्ती मिळेल. तिला एक काम द्या, ‘वर्गणी किती ते शोध आणि अर्ज पाठव’ इतके नेमके, आणि ती अडेल तिथे मदतीला न धावता लिहून घ्या. हे कौशल्याचे काम आहे, तेव्हा वेबसाइट करणाऱ्याला देता तसे तिलाही मानधन द्या, आणि ते साइटच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरून ठेवा.